इराचा कॅन वाढदिवसाला जातो

गुरु., ५ जून
डॉक्टरीणबाईंकडे. आमच्या इराला ल्युपस होऊन वर्ष होत आलं; शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार. सांधे बरे, पण लघवीला फेस. किडनीतून प्रोटीन झिरपतंय का बघायला चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवायची. त्यातली थोडी त्यांच्या संशोधनासाठी: प्रोटीन वाढण्याआधीच धोका सांगतील अशा खुणा शोधताहेत.
"मग बायॉप्सी नको?" इरा.
"अजून तसं नाही सांगता येत, कण्णा," डॉक्टरीणबाई. कण्णा म्हणजे तमिळमध्ये बाळ.

शुक्र., ६
उद्या सकाळपासून साठवायचं. उद्याच संध्याकाळी समोरच्या इमारतीत तिच्या मैत्रिणीचा, नंदिनीचा वाढदिवस. मैत्रिणींना आजार माहीत नाही. ऊन सोसत नाही एवढंच सांगितलंय. तिची आई मुग्धा म्हणाली, "या वर्षी नको जाऊस."
"मग कॅन घरी ठेवा, मी जाते," इरा.
बायकोपुढे माझं थोडं तरी चालतं, बारा वर्षांच्या मुलीपुढे नाही. मधली एकही वेळ चुकायला नको, म्हणून इरा कॅन साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून नेणार.

शनि., ७
इराचा फोन. "बाबा, ये. आत्ता."
धावलो. नंदिनीच्या मावशीने पिशवी उचलून भेटवस्तूंत ठेवलेली. नंदिनीने ती उघडलेलीसुद्धा! तिची आजी, पाट्टी, कॅन उजेडात धरून, "तेना?" म्हणजे मध का.
इरा म्हणाली, "नाही पाट्टी. माझी लघवी."
केक कापणारेही थांबले. मग इराने सगळं सांगितलं, तमिळमध्ये, मला झेपेना इतक्या वेगात. 'किडनी' आणि 'स्टेरॉइड' तेवढं कळलं. एक मुलगी म्हणाली, "म्हणून गाल फुगलेत? आम्हाला वाटलं वडे खाऊन!" सगळ्या हसल्या. इराही.
पाट्टीने कॅन दोन्ही हातांनी परत दिला, वर मानाचा नारळ. मला कुठे बघावं कळेना.

रवि., ८
लॅबमध्ये कॅन दिला. "मधली एखादी वेळ राहिली नाही ना?"
इरा: "नाही. साक्षीदार आहेत."

बुध., ११
रिपोर्ट. प्रोटीन थोडं वाढलंय. पुन्हा तपासणी, तेवढंच राहिलं तर बायॉप्सी. "आणि त्या नव्या खुणा?" मी विचारलं. "ते संशोधन आहे. त्यावर उपचार ठरवायचे नाहीत अजून." बरं.
इराला खरं तेच सांगितलं. "हं," म्हणाली आणि खोलीचं दार लावून नंदिनीला फोन.
मुग्धा न् मी बाहेर, टीव्ही बंद करून. आधी हसू ऐकू आलं. मग आवाज इतका खाली गेला की काही कळेना. मुग्धा म्हणते दार वाजव. मी म्हणतो थोडं थांबू, ती आपणहून– आलीच, दार उघडलं.