सुताराच्या बायकोचा दुसरा शेवट

रविवार, २३ नोव्हेंबर

प्रिय ठमीस,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण शाळेचा जिना अजून चढते. तू आणि घरची सगळी खुशाल असाल.

सोबतचं पुस्तक तुझ्या मुलीचं बक्षीस आहे. पत्र तुला.

कसं झालं ते सांगते. माझ्या नववीतली मुलं जुनी कादंबरी हातात धरत नाहीत. म्हणून मी एकेका मिनिटाचे व्हिडिओ करून मोबाइलवर टाकू लागले. पडद्यावर फक्त पान, माझा हात आणि माझा आवाज. पहिल्याच दिवशी वर्गातली चष्मेवाली म्हणाली, "बाई, एवढं संथ वाचलंत तर लोक बोटाने उडवतील. मिनिटात बुडवा त्या सुताराच्या बायकोला."

मी म्हटलं, "बुडवते. आधी तिचं भांडण तरी होऊ दे."

आता भाग अर्धवट तुटला की मुलं पुस्तक मागायला कपाटाशी येतात. कुलूप गंजलं होतं, तेल घालावं लागलं.

कादंबरी तीच, बाबा आपल्याला वाचून दाखवायचे ती. सुताराची बायको भांडून रात्री घर सोडते आणि सकाळी नदीकाठी तिची शाल सापडते. संपलं.

शेवटच्या भागाआधी मी विचारलं, पुढे काय होईल? उत्तर आवडेल त्याला पुस्तक. खूप उत्तरं आली. पोलिसांनी शोधलं, नवऱ्याने दुसरं लग्न केलं, ती मुळात भूतच होती. आणि कुठल्याशा लांबच्या गावाहून एका मुलीने लिहिलं होतं: "आमच्या घरी आई सांगते त्यात ती परत येते. पहाटे, ओल्या केसांनी. आणि नवऱ्यावरच ओरडते, दाराला कडी का लावली नाहीस? चोर आले असते म्हणजे?"

मी शिक्षकांच्या खोलीत होते. समोरचा चहा तसाच निवला.

हे कुठल्याच पुस्तकात नाही, ठमे. शालीचा शेवट ऐकून तुझं रडणं थांबेना म्हणून बाबांनी त्या रात्री ते रचलं. ऐकायला आपण दोघीच होतो.

बक्षीस पाठवायला म्हणून मी तिचा पत्ता मागितला. तिने दिला, आणि वर लिहिलं, "आईने तुमचा आवाज ऐकला आणि मोबाइल पालथा ठेवला. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःच लावून बसली." मी कोण, ते तिला सांगितलेलं नाही. ते तुझ्याकडे.

तू लग्नासाठी घर सोडलंस, त्यानंतर बाबांनी तुझं नाव घेतलं नाही. तुला वाटत असेल, तसंच. पण त्या रात्रीपासून दाराला कडी लावली नाही. शेजारी म्हणायचे, "मास्तर, दिवस वाईट आहेत." ते म्हणायचे, "चोर नेणार काय, पुस्तकं? नेऊ दे. वाचेल तरी." एकदा सायकल गेली. मी रागावले. त्यांनी ऐकून घेतलं, आणि रात्री दार नुसतं लोटलं.

बाबा कसे आहेत, हे मी अजून लिहिलं नाही. तुझ्या लक्षात आलंच असेल. मार्चमध्ये गेले. दवाखान्यात नर्स खोलीचं दार लावायला लागली की हात वर करायचे. तिला वाटायचं, पाणी हवंय. ती भांडं पुढे करायची. मला कळत होतं. तरी दार लागू दिलं.

घरी आल्यावर मी कडी लावली. एकटी बाई, लावायलाच हवी. झोप लागली नाही. हल्ली काढूनच ठेवते. वाऱ्याने दार उघडतं तेव्हा तोंडून निघून जातं, "आलीस?" आणि आतल्या खोलीत कुणीतरी कूस बदलतं. बाबांची खाट तर मी केव्हाच देऊन टाकली आहे.

शेवटचा भाग अजून केलेला नाही. मुलं मागे लागली आहेत. छापलेला शेवट माझ्याने वाचवत नाही. बाबांचा वाचावा, तर तो माझ्या एकटीचा नाही.

कुणी कुणाची माफी मागायची, ते आता राहू दे. कडी काढलेली आहे. ये, आणि माझ्यावर ओरड.

तुझी,
दाराशी बसलेली
ताई