दोर दुसऱ्याच्या कमरेला

बाबा,

गेल्या रविवारी तुमच्या तैराक दलातली, बुडत्याला नदीतून काढणारी दोन पोरं घरी आली होती. त्यांनी मला एक प्रश्न विचारला आणि मी उत्तर दिलं. प्रश्न तुमच्याविषयी होता, म्हणून तुम्हाला कळवणं भाग आहे असं वाटलं. यात माया आहे असं समजू नका. तुम्ही गेलात तेव्हा मी रडले नव्हते आणि इतक्या वर्षांत त्याचं मला वाईटही वाटलेलं नाही. मराठी लिहायची सवय मोडली आहे. लालबर्ऱ्याच्या शाळेत गणित शिकवते, तेही हिंदीतूनच. तेव्हा काही चुकलं तर चुकलं. माझ्या पाटीवर बोट ठेवून चूक दाखवायला तुम्ही आता नाही.

नवा मध्य प्रदेश झाला तेव्हा कचेरीतली कितीतरी मराठी माणसं नागपूरकडे निघून गेली. तुम्हालाही जाता आलं असतं. आईचं माहेर नागपूरचं. तिने ट्रंका अंगणात काढून उन्हात घातल्या होत्या, आतले जुने कागद काढून नवे अंथरले होते. तुम्ही संध्याकाळी कचेरीतून आलात, ट्रंका पाहिल्या आणि टोपी खुंटीला लावता लावता म्हणालात की नदी टाकून जाता येत नाही. जणू वैनगंगा आपल्या परसात बांधलेली गाय होती आणि तिला वैरण घालायला मागे कोणी उरलं नसतं. ट्रंका आईने आत नेल्या, पण त्यात पुढे कधी काही ठेवलं नाही. त्या रिकाम्याच राहिल्या, अजून आहेत. आपण नागपूरला गेलो असतो तर माझा धाकटा भाऊ आज चाळिशीकडे झुकला असता. हा हिशेब मी पुष्कळदा केला आहे आणि दर वेळी तो बरोबर येतो.

गावात तुम्हाला बडे बाबू म्हणत. कचेरीतले हेडक्लार्क म्हणून नव्हे, घाटावरचे बडे बाबू म्हणून. दल तुम्हीच उभं केलंत. आखाड्यातले चार-दोन जवान, ट्रकच्या ट्यूबा फुगवून आणणारा सायकलवाला, आणि तुम्ही. पगार नाही, भत्ता नाही. पुराच्या दिवसांत, जत्रेला, गणपती शिरवताना तुम्ही सगळे घाटावर उभे राहायचे. एकाच्या कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक काठावरच्या माणसाच्या कमरेमागून घेतलेलं. दोरवाला उतरतो, काठावरचा पाय रोवून उभा राहतो. हे सगळं तुम्ही जेवताना आम्हाला भात कालवत सांगायचे. धाकटा ऐकताना जेवायचं विसरायचा. मला तेव्हाही कंटाळा यायचा, पण मी मुलगी होते, मला विचारलं कोणी?

तुमचे नियम दोन होते. पहिला असा, की पाण्यात आपल्या घरचं माणूस असेल तर आपण उतरायचं नाही. कमरेचा दोर सोडून दुसऱ्याला बांधायचा आणि आपण काठावरचं टोक धरायचं. हा नियम तुम्ही हवेतून आणला नव्हता, हे मी मान्य करते. दल सुरू होण्याच्या आधी किरनापूरकडचे कोणी बापलेक डोंगा उलटून बुडाले. बाप काठाला लागला होता, पोरासाठी परत गेला. दोघं सापडले ते एकमेकांना आवळून, आणि ते हात सोडवायचं काम तुमच्या वाट्याला आलं. "आपल्या मानसाले वाचवाले गेलेला मानूस पोहत नाई," तुम्ही म्हणायचे, "तो मिठी मारते." हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा झालं की धाकटा तुमची नक्कल करून मला हसवायचा.

दुसरा नियम पाण्याचाच, पण प्यायच्या. बुडालेला माणूस सापडेपर्यंत त्याच्या घरचं पाणी घ्यायचं नाही. मला तो नियम माहीत नव्हता, म्हणून एकदा मी तुमच्याकडून बोलणी खाल्ली. मागच्या गल्लीतली एक म्हातारी धुणं धुताना वाहून गेली होती. मी तेव्हा नुकतीच शिकवायला लागले होते. तुम्ही सगळे तिच्या दारात उन्हात उभे होते, त्या घरातल्या बायका रडत होत्या, त्यांना सुचत नव्हतं, म्हणून मीच त्यांच्या माठातून गडवा भरून आणला आणि सायकलवाल्यापुढे धरला. तुम्ही तो माझ्या हातातून घेतलात आणि दारात ओतून टाकलात. सगळ्यांसमोर म्हणालात, "मास्तरीन झाली, पन अक्कल नाई आली. पानी घेतलं का मानूस बसते. बसला का पाय जड होते." सायकलवाला माझ्याकडे पाहून ओशाळं हसला. मी घरी आले आणि आईला सांगितलं. आई म्हणाली, त्यांच्या डोक्यात नदी भरली आहे, तू मनाला लावून घेऊ नको. मी लावून घेतलं.

आता भुजलियाचा दिवस. तो मी कोणाला सांगत नाही, पण तुम्हाला सांगायला हरकत नाही, तुम्ही तिथे होता. श्रावण आहे. राखीच्या दुसऱ्या दिवशी बायका गव्हाचे पिवळे कोंब टोपल्यांत घेऊन नदीवर शिरवायला येतात, तशा आल्या आहेत. मीही शेजारणींबरोबर आले आहे. पाणी गढूळ, घाटाच्या खालच्या पायऱ्या दिसत नाहीत. एक मुलगी टोपली सोडताना घसरते. सगळ्यांत जवळ धाकटा उभा आहे. तो दलात येऊन एकच पावसाळा झालेला. दोर न बांधता तो उडी घेतो. त्याने दोर बांधायला हवा होता, हे तुम्ही नंतर म्हणालात, जणू आम्हाला ते समजलं नव्हतं. तो मुलीला ट्यूबपर्यंत आणतो, लोक ट्यूब ओढून घेतात, आणि त्या ओढण्यात त्याचा हात सुटतो. धार त्याला घाटाच्या टोकाकडच्या खडकावर नेऊन टाकते. तो खडक धरतो. छातीपर्यंत वर दिसतो आहे. ओरडत नाही. तुमच्याकडे पाहतो आहे.

दोर तुमच्या कमरेला आहे. तुमच्यासारखा पोहणारा या गावात दुसरा नाही, हे घाटावर उभं असलेलं प्रत्येक माणूस जाणतं. आणि तुम्ही मान खाली घालून गाठ सोडायला लागता.

दोर सकाळपासून भिजलेला, गाठ आवळून बसली आहे. तुमची नखं तिच्यात रुतलेली मला दिसतात. सायकलवाला तुमच्यासमोर दोन्ही हात वर करून उभा आहे, शिंप्याला माप द्यायला उभं राहावं तसा. गाठ सुटत नाही. तुम्ही वाकून दोर वर ओढता आणि दात लावता. मग ती सुटते, सायकलवाल्याच्या कमरेला बसते, तुम्ही मागे सरकता, टोक कमरेमागून घेता, पाय रोवता. सगळं नियमाप्रमाणे. तो उतरतो तेव्हा धाकटा खडकावर आहे. तो पोचतो तेव्हा नाही.

दिवेलागणीला तुम्ही सगळे कंदील न्यायला घरी आलात. घरी म्हणते, पण तुम्ही आत आला नाहीत. दलाबरोबर ओट्याच्या खाली उभे राहिलात, चिखलाच्या पायांनी, जसे त्या म्हातारीच्या दारात उभे होते. सायकलवाला आईकडे न बघता म्हणाला, "बाई, हाताले केस लागले होते माह्या." आई आत गेली. मला वाटलं ती आता रडेल. ती गडवा आणि पेले घेऊन बाहेर आली. पहिला पेला तिने सायकलवाल्यापुढे धरला, त्याने नको म्हणून मान हलवली. आखाड्यातल्या पोरांनी मान हलवली. मग तिने तो तुमच्यापुढे धरला. तुम्हीही मान हलवलीत.

"हे घर तुमचं हाय," आई म्हणाली.

"शोध चालू हाय अजून," तुम्ही म्हणालात.

ती पेला धरून उभी राहिली. तुम्ही कंदिलाची वात वर केलीत आणि निघालात. बाबा, गाठीचं मी एक वेळ समजू शकते. ती घाई होती, डोकं ठिकाणावर नसतं, सवयीने हात चालतात. पण त्या पाण्याला कसली घाई होती? एक घोट घेऊन तुम्ही बसला नसता, हे तुम्हालाही ठाऊक होतं. आईला मात्र तुम्ही त्या दिवशी परक्या घरची बाई करून टाकलंत. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खाली बाभळीच्या मुळांत अडकलेला सापडला आणि तुम्ही त्याला घेऊन आलात. तेव्हा तुम्ही पाणी मागितलंत. आईने दिलं नाही. मी दिलं, आणि ते तुम्ही उभ्यानेच प्यायलात.

तेराव्यानंतर पाहुणे गेले तेव्हा आई तुमच्यासमोर बसली. एवढे दिवस ती तुमच्याशी बोलली नव्हती. ती आवाज न चढवता म्हणाली, "तुमी उतरले असते त दोघंई गेले असते. हे मले समजते. पन तुमी उतराले पायजे होतं." मला तुमच्याकडून उत्तर हवं होतं, कोणतंही. नियम म्हणा, भीती म्हणा, चुकलं म्हणा. तुम्ही उठून चपला घातल्यात आणि नदीवर गेलात. तिकडे तुम्हाला माणसं होती.

त्या माणसांनी पुढच्या सव्वीस जानेवारीला तुमचा सत्कार केला. कोणी तरी भाषणात म्हणालं की पोटचा मुलगा समोर असताना बडे बाबूंनी नियम मोडला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शाळेची मुलं घेऊन आले होते, मला उठता आलं नाही. तुम्ही खाली मान घालून शाल घेतलीत. आई आली नव्हती. ती शाल आई अजून वापरते, इस्त्री करताना टेबलावर अंथरायला. तिला आता जळके डाग पडले आहेत.

तुम्ही नदीत गेला नाहीत. खाटेवर, तापाने गेलात, चार माणसं जातात तसे. शेवटी आईनेच चमच्याने पाणी घातलं तोंडात. तुम्ही घेतलंत. मी उशाशी उभी होते आणि माझ्या मनात एवढंच आलं, की आज शोध बंद आहे वाटतं.

तर ती दोन पोरं. सख्खे भाऊ आहेत, थोरला डाक-तार खात्यात नोकरीला लागला आहे, धाकटा अजून कॉलेजात. दलाला आता लाकडी नाव मिळते आहे, म्हणून जुन्या गोष्टी तपासून पुन्हा ठरवताहेत. थोरला खुर्चीच्या टोकावर बसला होता. तोच बोलला. "ताई, तो बडे बाबूवाला नियम काढून टाकावा म्हंतो आमी. ज्या नियमानं तुमचा भाऊ गेला तो कशाले ठेवाचा? पन तुमाले इचारल्याशिवाय नाई." त्याला वाटलं होतं मला बरं वाटेल. मलाही वाटलं होतं. या दिवसाची मी वाट पाहत होते असं म्हटलं तरी चालेल. तुमचा नियम माझ्या तोंडून मोडणार होता, तुमच्याच दलाच्या समोर.

मी उगीच थोरल्याला विचारलं, हा बुडायला लागला तर तू काय करशील? त्याच्याआधी धाकटाच बोलला. चिवड्याची बशी त्याने मांडीवर घेतली होती. "हा नाई येत, ताई. याले माह्यी सायकल पायजे." थोरल्याने त्याच्या डोक्यात टपली मारली आणि मला म्हणाला, "उतरीन ना. हे काय इचाराची गोष्ट हाय?" मग मी धाकट्याला विचारलं, आणि हा बुडायला लागला तर? तो चिवडा खाता खाता म्हणाला, "हौ, मी बी. मंग का पाहत राहीन?" ते खरं होतं, बाबा. दोघांच्याही तोंडावर दिसत होतं. त्यांची आई मला ठाऊक आहे, बाजारात भेटते, वडील नाहीत त्यांना.

आई आत भाकरी करत होती. तिला आता कमी ऐकू येतं, तरी मी आवाज खाली केला. म्हटलं, राहू द्या तो नियम. थोरला माझ्याकडे पाहत राहिला. मी पुन्हा म्हटलं, राहू द्या. पण गाठ ओढली की सुटेल अशी मारा. आणि घरच्या पाण्याचा तो दुसरा नियम मात्र काढून टाका, त्यात काही अर्थ नाही. तो हो म्हणाला. दोघं पाणी पिऊन गेले.

याचा अर्थ तुम्ही बरोबर होता असा लावू नका. मी तुम्हाला माफ केलेलं नाही आणि करायचं मनातही नाही. ती दोन पोरं माझी कोणी नाहीत, म्हणून मला ते सांगता आलं. तुम्हाला ते आपल्याच पोराच्या बाबतीत करता आलं, हेच मला सहन होत नाही.

ती पोरं गेल्यावर आईने विचारलं, कशाले आले होते? मी म्हटलं, नव्या नावेच्या पूजेचं बोलावणं होतं. ती म्हणाली आपण जायचं नाही, मी म्हटलं नाहीच जायचं. लग्नानंतर तुम्ही तिला वाचायला शिकवलंत, आता ती चष्मा लावून किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा सोडत नाही, त्यामुळे हे पत्र घरात ठेवता येणार नाही. सकाळी बंब पेटवताना आत घालीन. तिला वाटतं आम्ही दोघी अजून एकाच बाजूला आहोत. मी तिला तसं वाटू देते.