बेंजो, कानाचं मशीन आणि तुमची बहीण

कोसाड, सुरत
सोमवार

आदरणीय कुंदनआबा यांस,

सुरतहून तुमचे दाजी छगन यांचा वाकून नमस्कार. (वाकून हे रीत म्हणून लिहिलं. कंबर धरली आहे, त्यामुळे नमस्कार उभ्यानेच झाला असं समजा.) इकडील सर्व खुशाल असं लिहायची पद्धत आहे, पण खुशाल काही नाही. मला धक्का बसला आहे आणि तो अजून उतरलेला नाही. तुमच्या गुडघ्याला तो हिरवा लेप लागू पडला का? वहिनींचा खोकला कसा आहे? म्हैस व्यायली का? आणि तुमची बहीण, जी गेल्या आठवड्यापासून अमळनेरला तुमच्याकडे येऊन बसली आहे, ती वेळेवर जेवते ना? मी आपलं सहज विचारलं. तिला परत पाठवा असं सांगण्यासाठी हे पत्र नाही, हे आधीच स्पष्ट करतो. ती कशामुळे गेली याची एकच बाजू तुमच्या कानावर पडली असेल. दुसरी बाजूही कानाचीच आहे, म्हणून सविस्तर लिहितो. फोन केला असता, पण फोन कानाला लावला की मशीन शिट्टी मारतं आणि समोरच्याला वाटतं मीच मारतोय.

तुम्हाला ठाऊकच आहे की माझं सगळं आयुष्य लिंबायतच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर गेलं. लूमच्या कारखान्यात माणूस शिरतो तेव्हा त्याला दोन कान असतात आणि निवृत्त होतो तेव्हा दोन भोकं. तिथे शेजारचा माणूस बोंबलला तरी त्याचं फक्त तोंड हलताना दिसतं. अशा खडखडाटात आमच्या खुंटीवर एक रेडिओ टांगलेला असायचा, आणि आबा, खोटं सांगत नाही, त्या गोंगाटातून एकच गोष्ट पार व्हायची, ती म्हणजे बेंजोची तार. आपल्या खान्देशी गाण्यांतला तो बटणांचा बेंजो टणटण करत असा घुसायचा, की कापडातून सुई गेली असं वाटायचं. मागे शेठने हौसेने मोठा स्पीकर आणला आणि त्यावर नवी सिनेमाची गाणी लावली. स्पीकरची धडधड लूमच्या धडधडीत मिसळली आणि कोणाला काहीच ऐकू येईना. दोन दिवसांत ओडिशाची पोरंसुद्धा शेठला म्हणाली, पेला टणटणवाळा लगाडो, म्हणजे तो टणटणवालाच लावा. त्यांना आपल्या अहिराणीचा एक शब्द कळत नव्हता. मला तरी कुठे शब्द ऐकू येत होते, पण तार पोचत होती आणि गाव आठवत होतं. माणसाला आणखी काय लागतं?

हळूहळू माझ्या कानात दुनियेतलं एवढंच उरलं. बाकीच्या दुनियेसाठी मी एक युक्ती काढली होती, ती कोणाला सांगू नका. समोरचा हसला की हसायचं, गंभीर झाला की मान खाली घालायची, आणि तो थांबला की म्हणायचं, बराबर छे. सुरतेत या दोन शब्दांवर माणूस जन्म काढू शकतो. गुजराथी खूश, बिहारी खूश, आपली माणसं तर जास्तच खूश. मला आमच्या बिल्डिंगमधला सर्वांत समजूतदार माणूस मानायचे. नवराबायकोची भांडणं माझ्यापुढे आणायचे.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या लोकांचं एक लहानसं रेडिओ केंद्र लिंबायतला एका दुसऱ्या मजल्यावर चालतं, आणि दर रविवारी सकाळी त्यावर ‘खान्देशनी हवा’ लागते. कानबाई देवीच्या सणातली गाणी, लग्नातली गाणी, आणि मागे बेंजो. आमच्या कोसाड आवास वसाहतीत त्या वेळी दर घरात तेच चालू असतं. जी पोरं घरात आईशीसुद्धा गुजराथीत बोलतात, ती रिक्षा धुताना हेच लावतात. त्यात गेली काही वर्षं एक बाई गाते. तिचा उंच आवाज बेंजोच्या बरोबरीने माझ्यापर्यंत यायचा. बेंजोखेरीज मला ऐकू येणारी ती एकच गोष्ट. मी तिचा भक्त झालो, हे कबूल करतो. रेडिओ कानाला लावून बाल्कनीत बसायचो आणि खाली नळावर जमलेल्या बायकांना ओरडून सांगायचो, की याला म्हणतात आवाज! (ती जळगावकडची कोणी मोठी कलावंत असावी असा माझा अंदाज होता.) बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. तुमची बहीणही हसायची, आणि त्या दिवशी जेवणात हमखास मांडे नाहीतर खापरावरची पुरणपोळी असायची. मला वाटायचं रविवार आहे म्हणून.

मग चिरंजीव योगेंद्रने हट्ट धरला की बापाला कानाचं मशीन घ्यायचं. पर्वत पाटियाच्या दुकानात नेऊन त्याने ते माझ्या कानात बसवलं, आणि आबा, मी हादरलो. माझ्या चपला वाजतात! पंखा कुरकुरतो! भाकरी थापल्याचा आवाज येतो! सूनबाई वैशाली, जिला मी इतकी वर्षं मितभाषी, घरंदाज, शांत मुलगी म्हणून सगळीकडे मिरवलं, ती बोलते. सकाळी उठल्यापासून बोलते. भांड्यांशी बोलते, गॅसशी बोलते, आणि त्यात अधूनमधून माझा उल्लेख असतो. पहिल्या दिवशी मी तीन वेळा मशीन काढून डबीत ठेवलं आणि तीन वेळा योगेंद्रने ते परत घातलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. नवा कान पाहायला मालतीबाई आणि मजल्यावरच्या चारपाच बायका आल्या होत्या. (मालतीबाई म्हणजे आमच्या महिला मंडळाच्या प्रमुख. त्यांच्या पुढे पोलीसही चप्पल काढून उभा राहतो.) चहा झाला, ‘खान्देशनी हवा’ लागली, बेंजो वाजला आणि माझी ती बाई गायला लागली. मी डोळे मिटून तयार बसलो होतो. आणि काय सांगू, कानात कोणी डबे आपटावेत तसं झालं! बेंजो म्हणजे पत्र्यावर गारा, आणि बाई म्हणजे तर विचारूच नका. माझी इतक्या वर्षांची भक्ती एका क्षणात उतरली. फसवणूक झाल्यासारखं वाटलं आणि मी सगळ्यांसमोर ओरडलो, “हाई कोन बाई शे? पत्रावर खडा घसस का काय? बंद कर ते!”

खोलीत कोणी बोलेना. मला वाटलं मशीन बंद पडलं, म्हणून मी त्यावर टिचकी मारली. मग मालतीबाई म्हणाल्या, “छगनदादा, तुम्हले खरंज माहीत नव्हतं?”

आबा, ती बाई तुमची बहीण होती. दर रविवारी, गेली कितीतरी वर्षं. कानबाईच्या दिवशी केंद्रवाल्यांनी मंडळाची गाणी टिपून नेली होती, त्यात हिचा आवाज त्यांना भावला आणि मग दर महिन्याला तिथे जाऊन ही नवी गाणी देत होती. रेडिओवर तिचं नाव आडनावासकट सांगत होते. (बोलणं मला कुठे पोचायचं?) आणि हे तिने माझ्यापासून चोरून केलं नव्हतं. पहिल्यांदा बोलावणं आलं तेव्हा माझ्यासमोर बसून, पदराशी चाळा करत, जाऊ का म्हणून विचारलं होतं. मी काय म्हणालो असेन ते तुम्ही ओळखलंच असेल. बराबर छे.

म्हणजे पाहा. सगळ्या आवासला वाटत होतं की हा माणूस स्वतःच्या बायकोचं भर चौकात कौतुक करतो. बायका आपापल्या नवऱ्यांना माझा दाखला द्यायच्या. आणि तुमच्या बहिणीलाही तेच वाटत होतं. लग्नापासून मी तिला कधी तोंडावर बरं म्हटलं नाही, तिचं नावसुद्धा माझ्या तोंडून मांडवात एकदा निघालं, तेही भटजींनी ढोसलं म्हणून. पुढे नुसतं “अगं” आणि “योग्यानी माय”. पण दर रविवारी बाल्कनीतून आपला माणूस ओरडतो, हे तिला पुरत होतं. ती रडली नाही, भांडली नाही. रेडिओ बंद केला आणि एवढंच म्हणाली, “मंग इतला वरीस तुम्ही कोनी तारीफ करी राह्यंतात?” कोणाची तारीफ करत होता, असं. हे मात्र मला मशीनमधून अगदी स्वच्छ ऐकू आलं. दुपारच्या भुसावळ पॅसेंजरने ती निघाली आणि स्टेशनवर पोचवायला योगेंद्र गेला. मी जिन्यात उभा होतो, माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

धक्के इथे संपले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मला सुरतेने वाळीत टाकलं आहे. अमरोलीला रिक्षात बसलो तर पोरगा मागे वळून म्हणतो, काका, तमे पेला मशीनवाळा? बीजी रिक्षा करो. दुसरी रिक्षा बघा म्हणे. मी चालत आलो. चहावाला थंड चहा देतो. रेडिओवरच्या योगिताने (तीच तो कार्यक्रम सांगते, कोवळी पोर आहे) जाहीर केलं, की आपल्या लाडक्या मावशी काही कारणाने माहेरी गेल्या आहेत. ते काही कारण जिथे जातं तिथे लोक बोट दाखवतात. ज्या लोकांना मी वर्षानुवर्षं बराबर छे म्हणत आलो, त्यांतला एकही माझ्या बाजूने उभा राहू नये? मला तर आता माणुसकीचाच संशय यायला लागला आहे.

शेवटी मशीन परत करायला पर्वत पाटियाला गेलो. दुकानातला मुलगा हसून म्हणाला, काका, आ तो वात करवा माटे छे, गीत माटे आ बटन. म्हणजे हे बोलणं ऐकण्यासाठी लावलेलं होतं, गाण्याचं बटण वेगळं! हे योगेंद्रला त्यांनी सांगितलं होतं, आणि त्याने मला सांगितलं होतं, आणि मी सवयीने मान हलवली होती. वैशालीच्या मोबाइलवर तुमच्या बहिणीची जुनी गाणी होती. घरी येऊन ते बटण दाबलं आणि ऐकत बसलो. आबा, उंच ओळ घ्यायच्या आधी ती एक बारीकसा श्वास घेते. तोच श्वास ती भरलेला हंडा उचलण्याआधी घेते, आणि मला बोलायचं ठरवते तेव्हाही घेते, खांदा किंचित वर जातो तिचा. ऐकू येत नव्हतं तरी तो मी रोज पाहत होतो. रेडिओवरची ती मला ओळखता यायला हवी होती. मला फार वाईट वाटलं आणि मी वैशालीसमोरच डोळे पुसले. (ती त्यावर काही बोलली नाही, यावरून प्रसंग ओळखा.)

असो. दोन्ही बाजू तुम्हाला कळल्या. वहिनींना नमस्कार, म्हशीला हिरवा चारा.

तुमचे दाजी,
छगन

ता. क. तुमच्या बहिणीला हे पत्र दाखवायची गरज नाही. मात्र तुम्हाला चष्म्याशिवाय दिसत नाही, तेव्हा कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या, आणि त्या वेळी ती जवळपास भाजी निवडत असली तर तिला उठवू नका.

ता. क. दुसरा. पत्र उखाच्या हाती पाठवायचं होतं (आमच्या कारखान्यातला उखा, त्याचं गाव तुमच्या वाटेवर आहे), पण त्याचं जाणं लांबलं. तेवढ्यात रविवार आला. ‘खान्देशनी हवा’ लागली आणि योगिता म्हणाली की मावशींनी माहेराहून मोबाइलवर नवीन गाणं पाठवलं आहे. तुमच्या पूजासूनबाईंनी ते टिपलं असणार, त्यांना माझा आशीर्वाद सांगू नका. मी बटण दाबून बसलो. धक्क्यांचा मला आता सराव झाला असेल असं वाटलं होतं, पण नाही.

कान लिधात दुकानमाईन, धनी मना शहाना,
घरनी मैना वळखेना, ऐके रेडिओ गाना!

दुकानातून कान आणले, पण घरची मैना ओळखेना, असं. सगळं लिंबायत हे गातं आहे. रिक्षावाला पोरगा माझ्याशेजारी रिक्षा हळू करून गायला आणि मग म्हणाला, बेसो काका. कारखान्यातल्या ओडिशाच्या पोरांनाही पाठ झालं, असं उखा सांगतो. अपमान झाला हे खरं. पण एकही सूर हलला नाही, आबा. हे मी बाल्कनीतून ओरडून सांगितलं, या वेळी कोणाबद्दल सांगतोय ते माहीत असून.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. काल त्या केंद्राचे दोन जिने चढलो. योगिताला म्हटलं, येत्या रविवारी हेच गाणं पुन्हा लाव, फर्माईश माझी. ती म्हणाली, काका, कोणासाठी लावू, नाव सांगा. मी “योग्यानी माय” म्हणालो, तर पोर म्हणते, असं नाव रेडिओवर चालत नाही. मग तिने माइक पुढे केला आणि या वयात, घाम पुसत, मी उखाणा घेतला:

कान गेले कारखान्यात, उरली बेंजोची तार,
भागीरथीचं नाव घेतो, उघड आता दार.

आपला रेडिओ पूजाच्या मोबाइलवर लागतो. तर आबा, एवढंच काम करा, रविवारी सकाळी तुमच्या बहिणीला मोबाइलपाशी बसवा आणि आवाज मोठा ठेवा. दाराला कडी मात्र घालू नका. मी शनिवारच्या पॅसेंजरने निघतो आहे, गाणं लागेल तेव्हा तुमच्या ओट्यावर बसलेला असेन. मशीन कानात असेल, बोलण्याच्या बटणावर.