पंधरा किलो आणि एक बुधवार

१ जून, सोमवार

जाकीट आलं! अकरा खिसे. शिंप्याने मोजून दाखवले — "साहेब, बाराव्याला जागा असती तर तोही काढला असता." नवऱ्याने ते सकाळी अंगात घातलं ते अजून काढलेलं नाही. जेवताना मीठ मागितलं तर म्हणतात, "थांब, कुठल्यातरी खिशात पुडी आहे." आजपासून यांचं नाव वनराज.

वॉचमन, दूधवाला, समोरचं जोडपं — सगळ्यांना एकच वाक्य. "हिला आफ्रिकेचं जंगल दाखवायला नेतोय." मला नेतायत म्हणे! एकोणतीस वर्षं भूगोल शिकवला मी. गवताळ प्रदेश, गवताळ प्रदेश करत भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून ठेवून तिथला कागद पांढरा पडला. मार्चमध्ये निवृत्त झाले आणि एप्रिलमध्ये ही सहल शोधून काढली. मीच. फॉर्म भरले मीच. यांनी फक्त सही केली, तीही चुकीच्या जागी.

३ जून, बुधवार

पिवळ्या तापाची लस. तिचं कार्ड नसेल तर तिथे उतरूच देत नाहीत. आमच्या केंद्रात फक्त बुधवारी मिळते. नर्सने दोनदा बजावलं — प्रवासाच्या दहा दिवस आधी घ्यायची, नाहीतर कार्ड चालणार नाही. आमचं विमान अठ्ठावीसला.

नंबर माझा आधी लागला. टोचली, झालं. बाहेर येते तो वनराजांची खुर्ची रिकामी. जिन्यात सापडले, कानाला फोन. "ऑफिसचा अर्जंट कॉल." यांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली! फोनचा स्क्रीन काळाच होता. घरी येताना यांनाही सांगितलं, दहा दिवस आधी लागते. घाम पुसत म्हणाले, "पुढच्या बुधवारी घेतो. सुईला कोण घाबरतंय!" घाबरण्याचा विषय मी काढलाच नव्हता.

७ जून

समोरच्या जोडप्याला व्याख्यान. "सिंह समोर आला तर पळायचं नाही. डोळ्यांत डोळे घालून उभं राहायचं." तेवढ्यात पडद्यामागून पाल निघाली. वनराज खरंच उभे राहिले — सोफ्यावर!

१० जून, बुधवार

"आज लस," म्हटलं.

"पाठ धरलीय. पुढच्या बुधवारी."

"पुढचा शेवटचा."

"माहीत आहे गं! किती ते मागे लागायचं!"

त्याच पाठीने दुपारी चार तास टीव्ही बघितला. सिंहांचा.

एकतीस वर्षं मी या घरातलं गजराचं घड्याळ आहे. गोळी घेतली का, चष्मा घेतला का, बहिणीला वाढदिवसाचा फोन केला का. गजर झाला की राग घड्याळाचाच येतो. कंटाळले मी.

१३ जून, शनिवार

आज वजन. तिथे पुढचा प्रवास छोट्या विमानाचा, माणशी पंधरा किलो, त्यावर काही नाही. काट्यावर नुसती बॅग ठेवली तर आकडाच झाकला जातो. म्हणून वनराज माझी बॅग छातीशी कवटाळून काट्यावर चढले. "एकशे दोन! वजा माझे अठ्ठ्याहत्तर. चोवीस! नऊ किलो जास्त!"

अठ्ठ्याहत्तर हे होते मुलगा दहावीत असताना. तो मुलगा आता स्वतः बाप झालाय.

मी म्हटलं, "आधी एकदा नुसतेच उभे राहून बघा ना." समोरचं जोडपं चहाला बसलेलं. त्यांच्यादेखत आवाज चढला. "माझं वजन मला माहीत आहे! नकाशावर बोट फिरवणं वेगळं आणि प्रवास करणं वेगळं. कळत नसेल तिथे माणसाने गप्प बसावं." समोरची बिचारी कपात बघत बसली.

मग माझ्या बॅगेतून नऊ किलो काढले. बूट, स्वेटर, गवतांवरचं जाडजूड पुस्तक, काय काय. आणि दुर्बीण! शाळेच्या निरोपाला मुलींनी दिलेली. डब्यात चिठ्ठी होती — "बाई, आता खरं खरं बघून या." तर म्हणे, "दोन कशाला? माझ्यातून बघशील." यांची बॅगही चोवीसच भरली, पण तिच्यातून रुमालसुद्धा निघाला नाही. "माझं मी विमानवाल्यांशी बोलेन."

बाथरूममध्ये जाऊन रडले. दुपारी ते झोपल्यावर सगळं परत बॅगेत भरलं आणि ती घेऊन काट्यावर उभी राहिले. शहात्तर. वजा माझे एकसष्ट — माझे खरे एकसष्ट! पंधरा. मग सगळं पुन्हा काढून कपाटात ठेवलं. भांडायची ताकद नव्हती.

१६ जून, मंगळवार

विशेष काही नाही. एक फोन आला. दूध उतू गेलं.

१७ जून, बुधवार

वनराज दिवसभर घरी. टोपीची दोरी हनुवटीला काचत होती, ती तीनदा बदलली. मी गप्प. कळत नसेल तिथे गप्प बसावं माणसाने. संध्याकाळी आपणहून म्हणाले, "लस आता पुढच्या बुधवारी. निघायच्या तोंडावर घेतलेली ताजी बरी!"

मी यांच्या चहात साखर ढवळत होते. ढवळत राहिले.

२४ जून, बुधवार

गेले एकदाचे! अकरा खिसे लेवून. तासाभरात परत. आज टोचली तर कार्ड चार जुलैपासून चालणार. घर डोक्यावर घेतलं. नर्स मूर्ख, डॉक्टर मूर्ख, ट्रॅव्हलवाले चोर. "मला कुणी सांगितलंच नाही!"

तीन तारखेला सांगितलं, दहाला सांगितलं. डायरी, तुझ्यात लिहून ठेवलंय. वाचून दाखवलं नाही.

"मग टोचून घेतली का?" विचारलं. नाही! "आता काय उपयोग?" चेहरा परीक्षा रद्द झालेल्या पोरासारखा. मग जाकिटाची बटणं सोडत म्हणाले, "जाऊ दे. पुढच्या वर्षी जाऊ दोघं. रद्द म्हणून कळवून टाक."

"तुमचं कळवते," म्हटलं.

सोडलेलं बटण यांनी परत लावलं.

२५ जून

दिवसभर फोन. नणंद — "दादाला टाकून तू एकटी हुंदडणार? त्याला चहा कोण करून देणार?" मुलगा — "आई, बाबांना काय वाटेल?" मला काय वाटेल, हे विचारायला कुणाचाच फोन आला नाही.

वनराज भिंतीकडे तोंड करून पडलेत. "मी मेलो तरी जाशील तू." मेलात तर कार्ड लागणार नाही — अगदी ओठावर आलं होतं. गिळलं.

२७ जून

बॅग भरली. बूट, स्वेटर, पुस्तक, दुर्बीण, सगळं. वनराज दारात येऊन उभे. साध्या बनियनमध्ये किती लहान दिसतात! म्हणाले, "तिथे पहाटे थंडी असते. मफलर घेतलास?"

यांनी मला आठवण करून द्यायची ही पहिलीच वेळ. राहावं का, असं वाटलं. खरंच वाटलं.

मग म्हणाले, "आणि माझ्या गोळ्या कुठे असतात ते लिहून ठेव."

मफलर घेतला. गोळ्यांचं लिहून ठेवलं.

२८ जून, रविवार

विमानतळ. काउंटरवर बॅग ठेवली. बरोबर पंधरा.

आता लिहूनच टाकते, तुझ्यापासूनही लपवलं होतं. सोळा तारखेचा फोन लसीच्या केंद्रातून होता. "बाई, उद्या शेवटचा बुधवार. साहेब विसरतील, तुम्ही आठवणीने पाठवा." मी "हो, सांगते" म्हटलं. समोर दूध वर येताना दिसत होतं. उभी राहिले.

सांगितलं नाही. मुद्दाम. लाज वाटतेय, पण परत फिरावंसं वाटत नाही.