जगभरातलं उत्पन्न

४ मार्च
करसल्लागार म्हणे! धोब्याच्या दुकानावर एक खोली, गळ्यात टाय, पायांत सपाता. आपल्याच मुलखातला, म्हणून मेव्हण्याने गळ्यात मारलेला. "साहेब, तिकडच्या फ्लॅटचं भाडं दाखवता कशाला? इथल्या सरकारला काय स्वप्न पडणारे?" — असले सल्ले द्यायचे हा पैसे घेतो! आमच्याकडे फुकट देणारे पैशाला पासरी होते.

६ मार्च
करकचेरी. खिडकीतली बाई हसते, पण माझ्यामागच्या भिंतीकडे बघून. "इथे राहता ना? मग जगभरातलं उत्पन्न लिहायचं." जगभरातलं! जशी काही सात समुद्रांवर माझी जहाजं फिरताहेत. इकडे एक पगार, तिकडे दोन खोल्या — संपलं साम्राज्य.
पण कराचा कागद चोख नसला तर राहण्याचा परवाना वाढत नाही. महिनाअखेरीस मुदत. नाहीतर गाठोडं बांधा!

७ मार्च
म्हणजे दादाला विचारणं आलं — फ्लॅटचं भाडं किती येतं?
आमच्या घराण्यात थोरल्या भावाकडे हिशेब मागणं म्हणजे वाटणी मागणं. इकडे आल्यापासून एकच पालुपद ऐकतोय — "भाडं आईच्या औषधांना जातं." एवढ्या औषधांत आईने दुकान टाकलं असतं! तिचं ऑपरेशन तर म्हणे सरकारी योजनेत फुकट झालं.

९ मार्च
बायको: "जगाची उणीदुणी काढायला जीभ हातभर, आणि भावापुढे दातखिळी?"
केला व्हिडिओ कॉल. दादा नेहमीसारखा कोऱ्या भिंतीला टेकून. तीन वर्षं तीच भिंत! चिक्कूने एक कॅलेंडर टांगलं नाही.
"दादा, भाडं किती येतं? सरकारला सांगायचंय."
"सरकारला, की बायकोला?"
फोन बंद. हे आमचे वडीलधारे!

१२ मार्च
दादा फोन उचलत नाही. मेव्हणा म्हणतो, "ठोका अंदाजे." ह्याचं अख्खं आयुष्यच अंदाजे.

१५ मार्च
वहिनीचा फोन — गच्चीवरून, दबक्या आवाजात. भाडेकरू कधी आलाच नाही. योजनाबिजना काही नव्हती. आईच्या ऑपरेशनपायी त्यांनी स्वतःचं घर विकलं. तेव्हापासून तिघंही माझ्या फ्लॅटात. ती कोरी भिंत आमच्याच बेडरूमची.
"भाऊजी, मी बोलले हे ह्यांना कळू देऊ नका हं. भाडं किती लिहायचं तेवढं सांगा — आम्ही हळूहळू फेडू."