मुकुंदरावांना दिलेलं औरंगाबाद

गौलीगुडा, हैदराबाद
१२ नोव्हेंबर १९५६

ती. भिवाजीदादांस,

तातेरावाचा सप्रेम जय भीम. तुमचा गुडघा आता वाकतो का? मालनवहिनींना नमस्कार. इकडे सर्व ठीक (म्हणजे मी एकटा आहे आणि रोज खिचडी करपवतो आहे).

तुमच्या बहिणीनं, सरूनं, जालन्याला येऊन माझ्याबद्दल जे सांगितलं असेल ते सगळं खरं आहे, आणि मला त्याचा काडीचाही पश्चात्ताप नाही. हैदराबाद राज्याचे तुकडे झाले, कचेरीत बदल्यांची यादी लागली: मी औरंगाबादला, मुकुंदराव इथंच. मुकुंदराव माझ्या शेजारच्या टेबलावरचे (शाई माझी वापरतात, दौत मात्र उघडीच टाकतात). त्यांची आई पैठणला अंथरुणाला खिळलेली. आबिड्सला इराण्याकडे चहा पिताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी तिथंच अदलाबदलीच्या अर्जावर सही ठोकली. बरोबर आलेले हेडक्लार्कसाहेब उठून म्हणाले, "वल्ला तातेराव, दिल हो तो ऐसा होना!" सबंध हॉटेल माझ्याकडे बघायला लागलं. दादा, अशा वेळी माणूस आणखी एखादं गावही देऊन टाकतो.

घरी येऊन मोठ्या ऐटीत बातमी सांगितली. सरू भांडी बांधत होती. लोणच्याच्या बरण्या तर तिनं शेजारणींना वाटूनही टाकल्या होत्या. तेरा वर्षं ती माहेराजवळ जायची वाट बघते आहे, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या क्षणी आठवलं नाही, इतकंच. ती म्हणाली, "अन् मला कोन इचारायचं?" मी म्हटलं, उदार माणूस विचारत बसत नाही. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं ती निघाली.

तरी मी वाकणार नाही. गौलीगुड्यापासून कोठीपर्यंत लोक खुशाल हसोत. दिलं ते दिलं.

राग धरलात तरी लोभ सोडू नये.

तुमचा
तातेराव

ता. क. सरू निघून गेल्याचं मुकुंदरावांना कळलं. काल ते तोच अर्ज घेऊन घरी आले (अजून दाखल केलेला नव्हता) आणि म्हणाले, फाडून टाका, आईला मी इकडे आणतो. बघा उद्धटपणा! माझ्यापेक्षा उदार व्हायला निघालेत. मी त्यांना दंडाला धरून जिन्यापर्यंत पोचवलं.

पुन्हा ता. क. वरचं काही सरूला वाचून दाखवू नका. एवढंच सांगा की जे मी दिलं ते निम्मं तिचं होतं, आणि ते मला घर रिकामं झाल्यावर कळलं. अर्ज मुकुंदराव इथंच ठेवून गेलेत. तिला घेऊन या. फाडा म्हणाली तर फाडीन. आणि त्या म्हातारीसाठी इथंच राहू या म्हणाली, तर उदारपणा त्याला म्हणतात, हे मी चारचौघांत सांगेन.