नाकं जमा करायची नोटीस

ता. ३, सोमवार

नाही हो, माझ्याकडेपण नाही येत! सकाळपासून दहा जणांना सांगून झालं. प्रत्येकाला वाटतं, आपलंच गेलंय, दुसऱ्याकडे येत असेल. इंटरनेट म्हणजे काय शेजारणीची साखर आहे, वाटीभर मागून आणायला?

शिंपीदादा रोज शर्टांचे फोटो पाठवतात – कुठल्याला किती काजं, कुठल्या रंगाचा दोरा. आज सहा शर्ट मांडीवर आणि मी नुसती बसलेली. शेवटी फोन लावला. तर लागला की! बोलणं होतं, फोटो तेवढा येत नाही. मग बंद केलंय तरी काय नेमकं?

दुपारी भोंग्याची गाडी फिरली. "इंटरनेट बंद असल्याच्या अफवांवर विश्वास ठेवू नका. अधिक माहिती वेबसाइटवर पाहा." मी खिडकीतून ओरडले, "अहो, पाहू कशावर?" भोंगेवाल्यानं नुसता हात हलवला. त्याला तरी काय माहीत!

ता. ४, मंगळवार

पाण्यामुळे झालंय म्हणे. महिनाभर नळाला घाण वास येतोय. सरकारी कार्यालय म्हणतं, येत नाही. लोकांनी गढूळ पाण्याचे फोटो टाकले, मग गेल्या आठवड्यात ती नोटीस फिरली. फोनमधून सगळ्यांनी भीतीनं पुसली, म्हणून इथे उतरवते –

"सर्व नागरिकांस कळविण्यात येते की, नळाच्या पाण्यास कोणताही वास येत नाही. ज्यांस येत असेल त्यांनी आपापली नाके दोन प्रतींत कार्यालयात जमा करावीत. – हुकमावरून."

दोन प्रतींत!! एक म्हातारे गृहस्थ खरंच चौकशीला गेले, स्वतः जावं लागेल की घरातल्या कुणी गेलं तर चालेल. मग कार्यालयानं खुलासा काढला – नाके जमा करण्याबाबत असा कोणताही आदेश दिलेला नाही. त्यावर लोक आणखी हसले. आणि मग सगळंच बंद.

हसल्याबद्दल बंद करतात? की वासाबद्दल? मला कळेना.

ता. ५, बुधवार

खाली भाऊजींकडे दोन माणसं आली. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. त्याच कार्यालयात एकतीस वर्षं नोटिसा लिहून निवृत्त झाले. गल्लीच्या ग्रुपवर ती नोटीस पहिल्यांदा त्यांच्याच फोनवरून गेली म्हणे!

भाऊजी म्हणाले, "मी नाही पाठवली." त्या माणसांनी भाऊजींचाच फोन उघडून दाखवलं. दिसतंय की! मग त्यातला एक म्हणाला, "आणि 'दोन प्रतींत' असं घरात कोण बोलतं हो?"

मी चहा घेऊन गेले. त्या दोघांतल्या लहानानं विचारलं, "आजी, तुम्हाला काही माहिती?" मी तोंड उघडायच्या आत जाऊ म्हणाली, "ताईंना काय विचारता? चौथी शिकल्यात त्या."

मी मान हलवली. राग मात्र आला.

ता. ६, गुरुवार

आजपण नाही.

ता. ७, शुक्रवार

कार्यालयासमोरून लोक नाकाला रुमाल लावून जातायत! शिपायानं दूधवाल्याला अडवलं. "नाक का झाकलं?" "सर्दी झालीय साहेब." "वास येतो म्हणून नाही ना?" "छे छे, कसला वास?" मी मागेच होते, पदर नाकाला. मला काही विचारलं नाही.

भाऊजींना रस्त्यात एक जण म्हणाला, वा, काय लिहिलंत! दुसरा त्यांना बघून पलीकडच्या बाजूनं गेला. भाऊजी दोघांकडे सारखेच बघत होते.

ता. ८, शनिवार

संध्याकाळी भाऊजी वर आले. मी चिडवलं, "या लेखक महाशय! बघू तुमचं नाक." एरवी मला सव्वापट परत देतात. आज स्टुलावर बसून राहिले.

"वहिनी, मला खरंच आठवत नाही हो. परवा डोळ्यावर चष्मा आणि मी घरभर शोधतोय. तशीच ही नोटीस. शब्द माझेच आहेत. लिहून विसरलो असणार. अजून काय काय करून विसरलो असेन?"

माझ्या हातातलं काज फाटलं. नव्या शर्टाचं.

(इथल्या दोन ओळी मीच खोडल्या. वहीसुद्धा नेतात म्हणे.)

ता. १०, सोमवार

जावेनं वाट काढली. डॉक्टरांची चिठ्ठी आणली. भाऊजींनी उद्या लिहून द्यायचं – नोटीस मीच लिहिली, माझं डोकं ठिकाणावर नसतं, माफी असावी. मग प्रकरण मिटलं.

जाऊ आनंदात. भाऊजींनी खिशातली घराची किल्ली काढून तिच्या हातात ठेवली. म्हणाले, "मला आता एकट्याला बाहेर सोडू नकोस."

मिटेल ना एकदाचं? मिटलेलंच बरं. ना?

ता. ११, मंगळवार

अकराला सही झाली. चारला इंटरनेट आलं. दोन्हीचा काही संबंध आहे का, कुणालाच माहीत नाही. गल्लीत आरडाओरडा, फोन नुसते टणटणतायत. शिंपीदादांचे एकदम अठरा फोटो! पाण्याला वास तोच.

रात्री मी खाली गेले. भाऊजी जेवून हात पुसत होते. मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही बघितलंत ना? जेवलो मी?"

ता. १२, बुधवार

नोटीस मी लिहिली. भाऊजी अंघोळीला गेले होते, फोन टेबलावर होता. एकतीस वर्षं त्यांच्या नोटिसा ऐकत जेवायला वाढलं मी सगळ्यांना. एका बोटानं टाइप केली आणि दिली पाठवून, गंमत म्हणून. दोन माणसं आली त्या दिवशीच बोलता आलं असतं. नाही बोलले. सही होईपर्यंत मुद्दाम थांबले.